आईच्या लग्नातले सव्वाशे कोश

ठकीच्या घरात कुठलीही तारीख ठरवायची झाली, तर आधी चिलटांना विचारावं लागे. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं ते चिलटांमुळे. आईची साठी सव्वा महिना उशिरा साजरी झाली, तीही चिलटांमुळे. घर बदललं तेव्हा सामानाचा ट्रक दारात आणि ठकी प्रयोगशाळेत. "तुझ्या चिलटांना कधी सवड आहे गं?" असं आई फोनवर विचारायची. त्यात टोमणा किती आणि चौकशी किती, हे ठकीला अडतिसाव्या वर्षीही ओळखता येत नसे.

चिलटं म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या फळमाश्या. ठकी त्यांच्यावर संशोधन करायची. नातेवाइकांच्या मते पोरगी एवढी शिकून माश्या मारत बसली होती. प्रत्यक्षात तिचा सगळा जन्म त्यांना जगवण्यात चालला होता आणि तीच अडचण होती. कोशातून बाहेर पडलेली मादी पहिले काही तास नराकडे ढुंकूनही बघत नाही. तेवढ्यात तिला वेगळी काढली, तर तिची जोडी आपल्याला हव्या त्या नराशी लावता येते. वेळ टळली की संपलं. तिने कुणाशी संसार थाटला हे देवालाही सांगता यायचं नाही. साध्या माश्या आठ तासांची सवलत देतात, म्हणून माशीवाल्यांचं आयुष्य आठ-आठ तासांच्या तुकड्यांत जातं. त्यांना रविवार नसतो, आजारपण नसतं आणि लग्नकार्य तर नसतंच नसतं.

अशा घरात, एका गुरुवारी, आईने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मी लग्न करतेय. पुढच्या शनिवारी, अठरा तारखेला. साडेअकराला नोंदणी कार्यालयात."

नवरा कोण, हे विचारायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी आईची कवळी बोलताना टकटक वाजायची. ती नीट करून घ्यायला आई कवळ्या बनवणाऱ्या एका गृहस्थांकडे गेली. कवळी पहिल्याच खेपेला नीट झाली, तरी आई पुढे सहा महिने दर आठवड्याला तिथे जात होती. ठकी त्यांना दातवाले काका म्हणायची. माणूस हसरा, बोलायला गोड, आणि आईशी बोलताना उगाचच चष्मा पुसायचा. ठकीला तेव्हाच संशय आला होता.

ठकीला आनंद झाला. अगदी पोटातून झाला. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि आईने त्यातली नऊ वर्षं भिंतीवरच्या घड्याळाशी बोलण्यात काढली होती. ठकी उठून आईच्या गळ्यात पडणार, तेवढ्यात तिच्या तोंडून निघून गेलं, "अठरा? अगं, पण अठराला माझी..."

तिने जीभ चावली. पण गेला तो बाण.

आई एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. वर्गात कोणी चुकीचं उत्तर दिलं तर ती जशी शांतपणे बघायची, तशी तिने ठकीकडे बघितलं. "या वेळी मी चिलटांना विचारलेलं नाही ठके. साक्षीदार म्हणून तुझं नाव लिहिलंय. आलीस तर तुझी सही. नाही आलीस तर खालच्या शिंपीणबाई करतील."

एवढंच. आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. ठकीला त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

आता अठरा तारखेला होतं काय ते ऐका. म्हाताऱ्या झालेल्या माश्यांनाही एखादा वास लक्षात ठेवता येतो का, हा ठकीचा प्रश्न. दोन वर्षं धडपड करून तिने अशी एक जोडी जमवली होती जिची पिल्लावळ तिला उत्तर देणार होती. तिचा लेख तपासणाऱ्या परीक्षकांनी नेमका तेवढा एकच पुरावा मागितला होता आणि मुदत दिली होती दोन महिने. माशी म्हातारी व्हायलाच चाळीस दिवस लागतात. म्हणजे ही बाटली हुकली तर लेख गेला, आणि लेख गेला तर तिची जागा पुढच्या वर्षी राहील की नाही याची खात्री खुद्द संस्थेच्या संचालकांनाही नव्हती. त्यात ही जात भलतीच उतावळी. यांच्यातल्या माद्या आठ नव्हे, फक्त दोन तास थांबायच्या. बाटली होती एकच, आणि हिशेबाने तिच्यातल्या माश्या बाहेर यायच्या होत्या बरोबर शनिवारी, सकाळपासून दुपारपर्यंत.

पण ठकी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. माशीवाल्यांच्या हातात एक जादू असते. थंड कपाटात बाटली ठेवली की माशीचा दिवस दुप्पट लांबतो. उबदार कपाटात ठेवली की ती धावत सुटते. सोमवारी संध्याकाळी ठकीने आपली बाटली उचलली आणि थंड कपाटात नेऊन ठेवली. मग बोटांवर मोजलं. शनिवारचं काम पुढच्या आठवड्यावर गेलं! नोकरीच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा चिलटं आईला विचारून येणार होती. ती इतकी खूश झाली, की तिने बुधवार ते शनिवार अशी सलग चार दिवसांची रजा टाकली. भिंतीवरच्या तक्त्यावर मात्र 'शनिवार' तसाच राहिला. तो पुसायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

तो तक्ता वाचला मोठ्या बाईंनी.

मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. वय साठ, आवाज कडक. नऊ वर्षांत त्यांनी ठकीला 'जेवलीस का' असं एकदाही विचारलं नव्हतं. पण रजेच्या अर्जावर 'आईचं लग्न' हे कारण वाचून त्यांच्या मनात काय हललं कोण जाणे. बुधवारी सकाळी त्यांनी तक्ता बघितला, बाटली शोधली. ती थंड कपाटात दिसल्यावर त्यांना वाटलं, आदल्या रात्री साफसफाई करताना कुणीतरी चुकून सरकवली. पोरीचा शनिवार मोकळा करावा, शुक्रवारीच माश्या काढून आपणच सांभाळाव्यात, असा विचार करून त्यांनी ती उचलून उबदार कपाटात ठेवली. कुणाला सांगितलं नाही. त्यांना ठकीला चकित करायचं होतं.

एकीने मागे ओढलं, दुसरीने पुढे ढकललं. गोळाबेरीज पुन्हा शनिवार!

शनिवारी सकाळी सव्वानऊला ठकी आईच्या केसांत पिन खोचत होती. आई आरशासमोर बसून 'फार नटल्यासारखं नको' असं चौथ्यांदा सांगत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं," मोठ्या बाईंचा आवाज. पण हा कडक आवाज नव्हताच. "अगं, माझ्याकडून एक घोटाळा झालाय."

बाईंनी सगळं सांगितलं. शुक्रवारी एकही माशी आली नाही. आत्ता येऊन बघतात तो डझनभर बाहेर पडून मोकळ्या झालेल्या, त्या त्यांनी काढून टाकल्या, आणि उरलेले सव्वाशे कोश काळे पडलेले. म्हणजे आज, आत्ता, कुठल्याही क्षणी! विद्यार्थी दोघेही परिषदेला परगावी. आणि बाईंचा हात गेल्या वर्षापासून थरथरतो, हे ठकीला माहीत होतं, जरी बाईंनी ते कधी कबूल केलं नव्हतं.

"तू तासाभरासाठी येऊन जातेस का?" बाई म्हणाल्या. "टॅक्सी मी पाठवते."

तासभर. ठकीला हा तासभर चांगला ओळखीचा होता. मोतीबिंदूच्या वेळी ती तासाभरासाठीच गेली होती आणि आई डोळ्यावर पट्टी बांधून संध्याकाळपर्यंत एकटी बसली होती. आरशात आई तिच्याकडे बघत होती. फोनवरचं तिला ऐकू जात नव्हतं, पण जायची गरजही नव्हती. तिने हात वर करून स्वतःच पिन खोचायला सुरुवात केली.

ठकीने तिच्या हातातून पिन काढून घेतली. "नाही बाई," ती म्हणाली. "मी येणार नाही."

दोन वर्षं, एक बाटली, आणि तोंडातून गेलेलं 'नाही'. मग जे नऊ वर्षांत कधी सुचलं नव्हतं ते तिला सुचलं, आणि एवढं साधं आपल्याला आजवर का सुचलं नाही म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"बाई, तुम्ही या! बाटली घेऊन नोंदणी कार्यालयात या. सव्वाशे छोट्या नळ्या, कापूस आणि असतील तेवढे बारीक कुंचले आणा."

"माश्या? सरकारी कार्यालयात?"

"बाटली कुणी हलवली बाई?"

"निघाले," बाई म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर ठकीने आईला सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. मोठ्या बाई खोकं घेऊन आल्यावर कळणारच होतं. आई खिडकीबाहेर बघत होती. पुढच्या सीटवर दातवाले काका चष्मा पुसत होते. आईच्या शेजारी त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्का वराकडच्या साक्षीदार, आणि सगळ्या जगावर नाराज असणं हा त्यांचा छंद होता.

"मला राग आलाय," आई शेवटी म्हणाली. "पण तो मी उद्या काढीन. आज वेळ नाही. कोश किती आहेत?"

"सव्वाशे."

"तुला एकटीला किती वेळ लागतो?"

"तीन तास. ओल्या कुंचल्याने एकेक सोडवायचा आणि एकेका नळीत टाकायचा. नळीत एकटी बाहेर आली की मग काळजी नाही. दोन तास काय आणि दोन दिवस काय, ती तशीच राहते."

"आणि पाच जणांना?"

पाच जण हा आकडा ठकीने कधी मांडलाच नव्हता.

"तीन तासांचे पाच भाग. छत्तीस मिनिटं," आई म्हणाली. "पण सगळे तुझ्याइतके सराईत नाहीत. दुप्पट धर. सव्वा तास. आत्ता पावणेदहा झालेत. अहो, गाडी जरा जोरात घ्यायला सांगा."

"माझ्या भावाच्या लग्नात मी किडे वेचणार नाही," आक्का म्हणाल्या.

नोंदणी कार्यालयाच्या बोळात एक लांब बाक, एक पाण्याचं पिंप, एक खिडकी आणि तिच्याआड एक कारकून. कारकुनाने त्यांच्या हातात सात नंबरची चिठ्ठी दिली. दहा वाजून दहा मिनिटांनी मोठ्या बाई आल्या. पोटाशी खोकं धरलेलं आणि केस विस्कटलेले. ठकीने त्यांना पळताना पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी आईला नमस्कार केला, अभिनंदन म्हणायचं विसरल्या आणि थेट बाकावर पांढरा कागद पसरला.

बाटलीतला कागदाचा तुकडा ठकीने हलकेच बाहेर काढला. त्यावर तांदळाच्या कण्यांएवढे कोश चिकटलेले, आतून काळपट पंख दिसत होते. "कुंचला ओला करायचा. कोशाच्या बुडाशी टेकवायचा आणि थांबायचं. डिंक सुटला की तो आपणहून कुंचल्याला येतो. ओढायचं नाही. ओढलं की मेला."

"हे तर आमचंच काम!" दातवाले काका हरखले. त्यांनी कोटाच्या खिशातून स्वतःचा कुंचला काढला, कवळीवर रंग चढवायचा, तीनच केसांचा. लग्नाला येताना तो का आणला असं आईने विचारलं, तर म्हणाले, सवय. मग डोळ्याला भिंग लावून त्यांनी असा काही सपाटा लावला, की ठकी बघतच राहिली. वीस मिनिटांत चोवीस कोश, एकालाही इजा नाही! आई हळू होती पण अचूक. प्रत्येक नळीनंतर मोठ्याने आकडा म्हणायची. बाई थरथरत्या हातांनी कापसाचे बोळे बसवत होत्या. थरथरीचा बोळ्याला काही फरक पडत नव्हता.

आक्का पंधरा मिनिटं पाठ करून बसल्या. मग मान वळवली. मग म्हणाल्या, "तो कडेचा आधी घ्या की, तो हलतोय." मग उठल्या, आईच्या हातातला कुंचला हिसकावला आणि म्हणाल्या, "तू नवरी आहेस, कपडे खराब करशील. सरक."

आठ नंबरचं जोडपं वाकून बघायला लागलं. "मोती आहेत का?" त्यातल्या मुलीने विचारलं. "त्याहून महाग," बाई म्हणाल्या, आणि तिच्याही हातात कापूस दिला.

साठ! पंचाहत्तर! ठकीच्या अंगात वारं शिरलं होतं. असं तिला प्रयोगशाळेत कधी वाटलं नव्हतं. तिथे ती, सूक्ष्मदर्शक आणि भिंत. इथे पाच डोकी एका कागदावर वाकलेली, काका गुणगुणताहेत, आक्का ओरडताहेत, आई आकडे म्हणतेय. नव्वदाव्या कोशाला पहिली माशी नळीत बाहेर आली, ओली, चुरगळलेली, पंख न उलगडलेली. नर निघाला. "नरच तो, घाई त्यालाच असणार," आक्का म्हणाल्या. एकशे दहा! पहिल्यांदाच तिला वाटलं, की आपण आजवर वेळ वाटून घेत बसलो, काम मात्र कुणाला वाटून दिलंच नाही.

"सात नंबर!" खिडकीतून हाक आली. "वधू, वर, साक्षीदार! लवकर!"

अकरा पंचवीस. कागदावर चार कोश उरले होते. त्यातला एक ठकीच्या कुंचल्याच्या टोकावर होता आणि त्याचं वरचं झाकण हलत होतं.

नळीत टाकायला दहा सेकंद पुरले असते. पण मग उरलेल्या तिघांना आणखी दहा-दहा, आणि तासाभराची सुरुवात दहा सेकंदांनीच होते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"बाई, धरा."

"माझा हात..." बाई पहिल्यांदाच म्हणाल्या.

"धरा हो बाई. तुम्हीच मला शिकवलंय हे." कुंचला त्यांच्या बोटांत देऊन ठकी उठली आणि मागे न बघता आत गेली.

आतली खोली छोटी. एक टेबल, एक जाडजूड नोंदवही, भिंतीवर तापमानही दाखवणारं एक घड्याळ. कारकुनाने कायद्याची चार वाक्यं घडाघडा वाचली. काकांनी सही केली आणि चष्मा पुसला. मग आईने पेन हातात घेतलं, टोक कागदाला टेकवलं, आणि नेमक्या त्या क्षणी बोळातून मोठ्या बाईंची आरोळी आली. साठ वर्षांची, कडक, कधी न हसणारी बाई लहान मुलीसारखी ओरडत होती.

"आली! मादी आली! अगं, मादी आहे! चारही टाकले मी नळीत!"

ठकी ताडकन वळली. पाय आपोआप दाराकडे वळले. हे नऊ वर्षांचं वळण होतं, तिचा त्यात दोष नव्हता. आणि आईचंही एक वळण होतं: तिने सही न करताच पेन उचललं होतं.

"जा, बघून ये," आई म्हणाली. अगदी सहज, भांडण नाही, टोमणा नाही. "मी थांबते."

मी थांबते. ठकीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. डोळ्यावर पट्टी बांधून आई अशीच थांबली होती. केक फ्रिजमध्ये ठेवून थांबली होती. सामानाच्या ट्रकपाशी, खोक्यांवर बसून थांबली होती. आज स्वतःच्या लग्नाच्या सहीलासुद्धा ही बाई थांबायला तयार!

ती परत आली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. "तू नको थांबूस आई. मादी थांबेल, नळीत बसलीय ती. तू कर सही."

आईने एकदा वर बघितलं. मग वळणदार अक्षरात, फळ्यावर लिहावं तशी, सही केली.

आक्कांनी केली. मग वही ठकीकडे आली. प्रयोगशाळेत कुठल्याही नळीवर, बाटलीवर नाव घालताना माशीवाले लोक खाली तारीख, वेळ आणि तापमान लिहितात. ते नसेल तर आतली गोष्ट कितीही मोलाची असो, कुणी खरी मानत नाही. ठकीचं डोकं अजून बोळात होतं, हात मात्र आपलं काम करून मोकळा झाला. सहीखाली तिने लिहिलं: अठरा तारीख, अकरा एकेचाळीस, सव्वीस अंश.

"हे काय?" कारकून किंचाळला. "बाई, ही विवाहाची नोंदवही आहे, तापाचा तक्ता नाही!"

ठकी लाजून लाल झाली. "चुकलं... म्हणजे, आम्ही जे जपून ठेवायचं असतं त्यावर असंच लिहितो. सवयीने गेलं."

आईने वही स्वतःकडे ओढली. आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग ओळीकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. कारकून हात पुढे करून 'अहो, अहो' म्हणत होता. तिने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. पेन उचललं आणि त्या ओळीच्या बाजूला, समासात, बरोबरची खूण केली.